विश्लेषण : वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा नेमका किती? समजून घ्या अपूर्णांकांचा हिशेब

वडील वारल्यानंतर वारस नोंद होते आणि सातबाऱ्यावर आई, मुलगे, मुली अशी सगळ्यांची नावं लागतात. त्यानंतर अनेक घरांत बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवलं जातं. मुलींना समान हक्क आहे, हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. पण सही करताना आपण नेमकं किती सोडतोय, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

हा हिशेब शाळेतल्या अपूर्णांकांच्या बेरजेचाच आहे आणि ही बेरीज एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचली होती.

हिराबाईंचं प्रकरण काय होतं?

खंडाप्पा मगदूम यांचं १९६० मध्ये निधन झालं. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा वेळी मृत्यूच्या आधी घरात वाटणी झाली, असं मानून हिशेब करावा लागतो.

तेव्हा मुली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार नव्हत्या. त्यामुळे मानलेल्या वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे असे चारच हिस्सेदार, प्रत्येकी १/४. मग वडिलांचा १/४ हिस्सा सहा वारसांत वाटायचा. १/४ भागिले ६ म्हणजे १/२४.

मुलींना फक्त हा १/२४ मिळाला. हिराबाईंची मागणी होती दोन्ही वाट्यांच्या बेरजेची. छेद समान केला की १/४ म्हणजे ६/२४, त्यात १/२४ मिळवले की ७/२४. खालच्या न्यायालयाने ही बेरीज नाकारून त्यांना १/२४ वरच थांबवलं. उच्च न्यायालयाने ७/२४ मान्य केले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आज हिशेब कसा बदलला?

९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं.

तेच कुटुंब आज घेतलं तर हिस्सेदार सात, प्रत्येकी १/७. वडिलांचा १/७ सहा जणांत वाटला की १/४२. बेरीज : ६/४२ + १/४२ = ७/४२, म्हणजेच १/६.

सहा एकरांत फरक किती?

समजा, जमीन सहा एकर आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे.

- जुना हिशेब, मुलगी : ६ × १/२४ = १/४ एकर, म्हणजे १० गुंठे.
- जुना हिशेब, आई व प्रत्येक मुलगा : ६ × ७/२४ = ४२/२४ = १ ३/४, म्हणजे पावणेदोन एकर (१ एकर ३० गुंठे).
- आजचा हिशेब, प्रत्येकी : ६ × १/६ = १ एकर.

मुलीचा वाटा चौपट झाला. मुलांचा आणि आईचाही वाटा मात्र ३० गुंठ्यांनी कमी झाला. आईला आधीपासूनच वाटा होता, त्यामुळे नव्या हिस्सेदारांची झळ तिलाही बसते. ही बाजू फारशी बोलली जात नाही.

काय लक्षात ठेवायचं?

२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या नव्या कायद्याने उघडता येत नाहीत. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मानलेल्या वाटणीची पायरी येत नाही. तिथे इच्छापत्र नसेल, तर आई आणि मुलं थेट समान वारस ठरतात.

हक्क सोडायचा की ठेवायचा, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही झाली की तो वाटा परत मिळवणं अवघड असतं. म्हणून सही करण्याआधी आपला अपूर्णांक काढावा, त्याला एकूण क्षेत्राने गुणावं आणि उत्तर एकर-गुंठ्यांत लिहून पाहावं. १/६ हा आकडा कागदावर लहान दिसतो. जमिनीवर तो अख्खा एक एकर असू शकतो.