बाराशे लॅपटॉप, अठरा लाख मुले

दिल्ली सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक घोषणा केली. दहावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या १२०० विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप आणि त्यासाठी साडेसात कोटींची तरतूद. म्हणजे एका लॅपटॉपमागे ६२,५०० रुपये. ज्या घरात हा लॅपटॉप जाईल त्या घराचा आनंद मला पुरता समजतो. त्या मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझा आक्षेप योजनेमागच्या विचारावर आहे.

दिल्लीच्या सरकारी शाळांत सुमारे १८ लाख मुले शिकतात. हिशेब केला तर दीड हजार मुलांमागे एक लॅपटॉप पडतो. उरलेल्या १४९९ जणांना सरकार सांगते आहे की आधी गुण आणा, मग साधन मिळेल. साधन नसताना गुण कसे आणायचे, याचे उत्तर योजनेत नाही. त्याच अर्थसंकल्पात स्मार्ट वर्ग आणि संगणक कक्षांसाठीही पैसे ठेवले आहेत, हे मान्य. पण बातमी झाली ती बक्षिसाची, कारण आपल्याकडे शिक्षणावरचा सरकारी खर्च अजूनही बक्षिसाच्याच भाषेत मांडला जातो.

ही भाषा जुनी आहे आणि तिला दिलेले उत्तरही जुने आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांवर नेमके बोट ठेवले होते. स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देणे दिसायला न्याय्य असते, पण त्यातून ज्यांच्या घरात शिक्षण आधीच पोहोचले आहे त्यांनाच उत्तेजन मिळते. ज्या समाजात शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, असा त्यांचा मुद्दा होता. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही त्यांनी त्याच निवेदनात सुनावले होते. पुढे १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी अबकारीचा हिशेब मांडला: लोकांकडून दारूच्या करातून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. दोघांनीही दया मागितली नव्हती. त्यांनी सरकारी तिजोरीचा जमाखर्च विचारला होता. शाळेतल्या तंत्रज्ञानाबद्दल आज आपल्याला तोच जमाखर्च विचारायचा आहे.

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. इथे दर हिवाळ्यात हवा विषारी होते आणि शाळा ऑनलाइन नेण्याची चर्चा सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणाने टोक गाठले तेव्हा दिल्लीसह गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादमधले वर्ग बंद झाले. आठवडाभरातच सर्वोच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली की अनेक मुलांना मध्यान्ह भोजन मिळत नाही आणि अनेकांकडे ऑनलाइन शिकण्याची सोयच नाही. संशोधनासाठी मी पूर्व दिल्लीतल्या वस्त्यांत जाते. तिथे एका खोलीत तीन भावंडे आणि एक फोन हे चित्र नेहमीचे. तो फोनही बापाचा, डिलिव्हरीच्या कामाचा. तो सकाळी त्याच्याबरोबर जातो आणि रात्री दहाला परत येतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आलेला गृहपाठ मुले रात्री दहानंतर पाहतात, तेही डेटा उरला असेल तर.

कोणी म्हणेल, आता तर घरोघरी स्मार्टफोन आहेत. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले १४ व्या वर्षी २७ टक्के आणि १६ व्या वर्षी ३७.८ टक्केच आहेत. घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात अभ्यासासाठी फोन असणे यात मोठे अंतर आहे. हे अंतर जातीच्या रेषेवरून कसे जाते, तेही आपण पाहिले आहे. २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत सर्वेक्षण केले. त्यात दिल्ली आणि महाराष्ट्रही होते. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ८ टक्के निघाली. दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण ४ टक्के होते आणि इतरांत १५ टक्के. सगळ्याच वस्त्या गरीब होत्या, तरीही त्यांच्यात जवळजवळ चौपट फरक होता.

न्यायालयाने हे ओळखले नव्हते असे नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की खासगी विनाअनुदानित शाळांनी आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या सरकारी शाळांनी दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी उपकरण आणि इंटरनेट मोफत द्यावे. खासगी शाळांनी तो खर्च शिक्षण हक्क कायद्याखाली सरकारकडून मागून घ्यावा. एकाच वर्गातल्या काही मुलांकडे साधन असणे आणि काहींकडे नसणे याला न्यायालयाने डिजिटल वर्णभेद असा शब्द वापरला. हा शब्द आपण विसरता कामा नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने दिल्ली सरकारला या मुलांसाठी योजना तयार करायला सांगितले. मग शाळा उघडल्या आणि विषय मागे पडला. आज पाच-सहा वर्षांनी हाती काय आहे, तर गुणवंतांसाठी १२०० लॅपटॉप.

महाराष्ट्रात दुसरीच तऱ्हा. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकले. शाळेला एक संगणक होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली असायचा आणि तपासणीच्या दिवशी उघडला जायचा. पुढे २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाबरोबर डिजिटल शाळांची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा शाळेचे नाव राज्यभर झाले. अशा शाळांमागे शिक्षकांचे अपार कष्ट आहेत, त्याबद्दल आदरच आहे. पण या लाटेत प्रोजेक्टर आणि टॅबसाठी पैसा बहुतेक ठिकाणी लोकसहभागातून, म्हणजे वर्गणीतून उभा राहिला. ज्या गावात बागायतदार आणि नोकरदार आहेत तिथे वर्गणी जमते. ऊसतोडीला निम्मी वस्ती बाहेर जाते तिथे कोण कोणाकडे वर्गणी मागणार? आणि प्रोजेक्टर आला तरी वीजबिल थकले की तो बंदच. लोकवर्गणीवर चालणारी समता गावाच्या ऐपतीइतकीच असते.

आपल्यापैकी अनेकांनी माऊसला पहिल्यांदा हात लावला तो शाळेत लावलेला नाही. बारावीनंतर तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीच्या क्लासला, घरच्यांनी मजुरीतून भरलेल्या फीवर, तो लावला. कारण राज्याच्या नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागितले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, तोही नेट कॅफेवाल्याला पैसे देऊन. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांचा पदवी प्रवेश सीयूईटीने होतो आणि ती परीक्षा संगणकावर घेतली जाते. यूजीसी-नेटही संगणकावर. म्हणजे शासन परीक्षेच्या दारात संगणक मागते, पण शाळेत तो शिकवण्याची जबाबदारी पक्की करत नाही. मधली सगळी किंमत पहिल्या पिढीचे घर मोजते. ती किंमत मोजूनही मागे पडलो, तर त्याला गुणवत्तेचा अभाव म्हणतात.

पैसाच नाही, हे उत्तर टिकत नाही. समग्र शिक्षा योजनेत एका शाळेच्या संगणक कक्षासाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि नंतर पाच वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत निधीची तरतूद आहे. पाच वर्षांचा एकूण खर्च १८.४० लाख. साडेसात कोटींत असे ४० कक्ष पाच वर्षे चालतील. शाळेत हजार मुले धरली तरी ४० हजार मुलांपर्यंत साधन जाते. बक्षिसाचा पैसा हक्कासाठी वापरला तर काय होते, ते या साध्या भागाकारात दिसते.

पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र उरतो. निधी थांबला की बॅटऱ्या जातात, दुरुस्ती थांबते, कंत्राटी शिक्षक निघून जातो आणि खोलीला कुलूप लागते. केरळने २००१ च्या सुमारास सुरू केलेले काम सरकारी यंत्रणेतच ठेवले. आज ‘काइट’ ही सरकारी कंपनी शाळांना उपकरणे, मोफत सॉफ्टवेअर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण पुरवते. ४,७५२ शाळांतले ४५ हजार वर्ग तिथे तंत्रज्ञानाने सज्ज झाले. तरीही १ जून २०२० रोजी, ऑनलाइन वर्गांच्या पहिल्याच दिवशी, मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला होता आणि स्मार्टफोन नव्हता. शाळा सज्ज असली तरी मुलाच्या घरापर्यंत साधन पोहोचते की नाही हे पाहावेच लागते.

तंत्रज्ञानाआधी शिक्षक द्या, असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण शिक्षक की संगणक, ही निवड महागड्या खासगी शाळेतल्या मुलासमोर कोणी ठेवत नाही. त्याला दोन्ही मिळते. निवड फक्त आपल्यालाच का करायला लावतात?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, ग्रंथालय, खेळाचे साहित्य यांचे निकष आहेत. वीज, संगणक, इंटरनेट नाही. कलम २० नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून ही अनुसूची बदलू शकते, त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. पहिली मागणी ती अधिसूचना. दुसरी, देखभाल आणि शिक्षक यांचा निधी पाच वर्षांत संपणारा नसून शाळा आहे तोवर मिळावा. तिसरी, घरी नेण्याची उपकरणे शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकासारखी मिळावीत आणि ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांचा नंबर पहिला लागावा. चौथी, सरकारने आकडे जातवार द्यावेत. यू-डायसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तिसरा हिस्सा शाळा अजून बाहेर आहेत. त्या शाळांत कोणाची मुले बसतात, हे सरकारने छापून सांगावे.

आपण पदवीपर्यंत पोहोचलो तेव्हा गावाने सत्कार केला. आपल्याबरोबर पहिलीत बसलेले किती जण तिथवर आले नाहीत, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, अर्थसंकल्प कसा वाचायचा, हेही आता माहीत आहे. आपापल्या गावच्या, वस्तीच्या शाळेत संगणक कक्षाचा निधी कधी आला, किती आला आणि खोलीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तीन प्रश्न या वर्षी विचारून पाहा. उत्तर लेखी मागा.

जय भीम.