बाटली हलकी, पाणी पुरेसे

फेब्रुवारीत आम्ही घरातली सहा माणसे कळसूबाईला गेलो. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. नाशिकहून घोटीमार्गे बारी गावात सकाळी पोहोचलो, तेव्हा हवेत छान गारवा होता. ज्याचे पाणी त्याच्या पाठीवर, असे घरीच ठरले होते. अकरा वर्षांच्या धाकट्यासाठी खास नवी बाटली घेतली होती. दुहेरी भिंतीची, स्टीलची, एक लिटरची. पाणी दिवसभर थंड राहील, असे दुकानदाराने सांगितले होते.

वर पोहोचेपर्यंत सगळे ठीक होते. उतरताना मात्र ऊन डोक्यावर आले आणि धाकटा एका दगडावर बसला तो उठेचना. डोके दुखत होते, मळमळत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. त्याची बाटली उलटी केली, तर थेंबही नाही.

"कधी संपलं? सांगितलं का नाहीस?" असे विचारल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "अम्मी, खूप जड होती. चढताना पहिल्या शिडीच्या अलीकडेच अर्धी ओतून टाकली."

त्याला सावलीत नेले, बूट काढले, उरलेल्या पाण्यात ओआरएस कालवून घोट घोट पाजले. तासाभराने तो चालू लागला. अलहमदुलिल्लाह, तेवढ्यावर निभावले.

घरी येताच रागवायची तयारी होती. त्याआधी ती रिकामी बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ५२० ग्रॅम! एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे पोराच्या पाठीवर दीड किलो ओझे होते आणि त्यातला एक तृतीयांश भाग नुसते स्टील. चूक त्याची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की केली. पाण्याचे वजन कमी करता येत नाही, ते करूही नये. कमी करायचे ते बाटलीचे.

बाजारात काय मिळते, ते पाहू. पाण्याची बाटली आपण स्टेशनवर विकत घेतो, ती एक लिटरची रिकामी बाटली जेमतेम तीसेक ग्रॅमची असते. अनुभवी ट्रेकर तीच पुन्हा भरून नेतात, यात कमीपणा काही नाही. मात्र तिच्यात गरम पाणी ओतू नये, ती आकसते. चुरगळली, आतून वास येऊ लागला, की बदलावी. आणि रिकामी झाली तरी खाली परत आणावी. गडावर टाकलेली बाटली वाऱ्याने दरीत जाते आणि तिथेच राहते.

जाड, कडक प्लास्टिकची रुंद तोंडाची एक लिटरची बाटली साधारण १८० ग्रॅमची असते. ती पडली तरी सहसा फुटत नाही, आत हात घालून घासता येते, वर्षानुवर्षे टिकते. मुलांसाठी आम्हाला हीच बरी वाटली. चालता चालता प्यायचे असेल, तर अरुंद तोंडाची घ्यावी. रुंद तोंडातून निम्मे पाणी अंगावर सांडते.

घडी होणारी मऊ पिशवीसारखी बाटली चाळीसेक ग्रॅमची असते. रिकामी झाली की गुंडाळून खिशात जाते. जादा पाण्यासाठी ही उत्तम, पण काट्याकुट्यापासून जपावी लागते. नळी असलेली पाठीवरची पिशवीही मिळते. आपल्या जुन्या भिश्त्याच्या मशकीचेच हे नवे रूप! तिची नळी नीट वाळवली नाही, तर आत बुरशी धरते. हे काम होत नसेल, तर ती घेऊ नये.

तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत कधीच भरू नये. आंबटाने तांबे पाण्यात उतरते. आणि ती दुहेरी स्टीलची बाटली? ती टाकून दिलेली नाही. रेल्वेच्या प्रवासात किंवा दादींच्या उशाशी गरम पाणी ठेवायला ती फार कामाची आहे. फक्त डोंगरावर नको.

पाणी किती न्यावे? चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, असा साधा हिशोब धरावा. उन्हात त्याहून जास्त. पाच तासांची चाल असेल, तर अडीच लिटर. ते एकाच मोठ्या बाटलीत न भरता दोन-तीन बाटल्यांत वाटावे. एक गळली तरी दुसरी हाताशी राहते. ओआरएसच्या मोठ्या पुडीला एक लिटर पाणी लागते, म्हणून एक तरी बाटली बरोबर लिटरची असावी. लहान मुलाच्या पाठीवर अर्ध्या लिटरची एकच बाटली द्यावी, बाकीचे पाणी मोठ्यांनी घ्यावे.

जोहरची नमाज वाटेत होणार असेल, तर वजूचे पाणीही हिशोबात धरावे. जपून वापरले, तर अर्ध्या-पाऊण लिटरात वजू होते. पिण्यापुरतेच पाणी उरले असेल, तर तयम्मुमची सवलत आहेच. तहानलेल्या मुलाचे पाणी वजूला घ्यायची वेळ आणू नये.

नवी बाटली घेतली, की काटोकाठ भरून, झाकण लावून रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवावी. सकाळी कागद ओला दिसला, तर ती दुकानात परत द्यावी. ट्रेकहून आल्यावर खाण्याच्या सोड्याने धुऊन, झाकण उघडे ठेवून वाळवावी.

दर थांब्यावर मुलांना "पाणी प्यायलास का?" एवढेच विचारून भागत नाही. बाटली हातात घेऊन पाहावी. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, इन्शाअल्लाह. धाकट्याने आपली बाटली स्वतः निवडली आहे. दुकानात त्याने रंग पाहिला नाही. आधी ती हातात घेऊन तोलली.