पाहुण्यांचे शहर, भिंतींचे शहर

उत्तर आयर्लंडची राजधानी असलेल्या बेलफास्ट शहराने २०१२ हे साल पाहुण्यांच्या स्वागतासाठी जणू राखून ठेवले होते. 'आपला काळ, आपली भूमी' अशा अर्थाची घोषणा देऊन सरकारने त्या वर्षी मोठी प्रचारमोहीम चालविली. टायटॅनिक जहाज जेथे बांधले गेले त्या जुन्या गोदीच्या परिसरात सुमारे दहा कोटी पौंड खर्चून एक भव्य प्रदर्शनगृह उभारण्यात आले आणि ३१ मार्चला ते लोकांसाठी खुले झाले. पहिल्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. बॉम्बस्फोटांचे शहर ही जुनी ओळख पुसली गेली आणि बेलफास्ट इतर युरोपीय शहरांच्या पंक्तीला येऊन बसले, असे समाधान राज्यकर्त्यांना वाटू लागले होते.

ते समाधान वर्षअखेरपर्यंतही टिकले नाही. ३ डिसेंबर २०१२ रोजी नगरसभेने एकोणतीस विरुद्ध एकवीस मतांनी ठराव केला की, सिटी हॉलवर ब्रिटनचा ध्वज यापुढे वर्षाचे सर्व दिवस न फडकविता ठरावीक अठरा दिवशीच फडकवावा. ब्रिटनमधील अनेक नगरसभांत हीच प्रथा आहे. परंतु बेलफास्टमध्ये त्यावरून दंगली पेटल्या, रस्ते अडविले गेले, पोलिसांवर विटा व पेट्रोलबॉम्ब फेकले गेले आणि नाताळच्या ऐन खरेदीच्या दिवसांत शहराचा मध्यभाग ओस पडला. जानेवारीत नगरसभेला ग्राहक परत आणण्यासाठी वेगळी जाहिरातमोहीम काढावी लागली. ज्यांनी दगड मारले त्यांना 'समाजविघातक घटक' म्हणून सगळ्यांनीच दूषणे दिली आणि ती रास्तही होती. पण या ठरावापूर्वी, तडजोडीची सूचना मांडणाऱ्या अलायन्स पक्षाविरुद्ध चाळीस हजार पत्रके घरोघर कोणी वाटली? ब्रिटनशी ऐक्य राखू पाहणाऱ्या दोन मोठ्या, प्रतिष्ठित पक्षांनी. नंतर त्याच अलायन्स पक्षाची कार्यालये जाळली गेली. आगकाडी ओढणारा पोरगा तुरुंगात गेला आणि लाकडे रचणारे विधानसभेत बसून शांततेची आवाहने करीत राहिले.

हा प्रकार बेलफास्टच्या वाचकांना नवा नाही आणि भारतीय वाचकांना तर मुळीच नवा वाटू नये. परंतु तेथील प्रश्न येथील चष्म्यातून पाहण्याची घाई करू नये. त्याची स्वतंत्र घडण आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

१९६८ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९९८ च्या करारापर्यंत चाललेल्या रक्तपातात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. करार झाला, बहुतेक शस्त्रे खाली ठेवली गेली आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मंत्रिमंडळात बसले. ही लहान कमाई नव्हे. त्या करारामुळे जी माणसे जिवंत राहिली, त्यांच्यासमोर कराराची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र करार झाला तो दोन जमातींच्या प्रतिनिधींमध्ये, आणि सत्तेची वाटणीही जमातवार झाली. विधानसभेतील प्रत्येक सदस्याला आपण 'युनियनिस्ट', 'नॅशनलिस्ट' की 'इतर' अशी नोंद करावी लागते, आणि कळीच्या प्रश्नांवर 'इतरां'च्या मताला पहिल्या दोघांइतके वजन नसते. जमातीच्या नावाने निवडून येणाऱ्याला जमातीची भीती जिवंत ठेवावीच लागते, ती संपली तर त्याचे दुकान बंद पडेल. हे मंत्रिमंडळ २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ असे दोनदा दीर्घकाळ बंद राहिले. तेवढ्या काळात इस्पितळांतील प्रतीक्षायाद्या लांबत गेल्या आणि त्या यादीत दोन्ही धर्मांचे रुग्ण होते.

कागदावर शांतता आली तरी शहराची रचना बदलली नाही. १९६९ मध्ये लष्कराने तात्पुरते म्हणून जे अडथळे उभे केले, त्यांच्या कायमच्या भिंती झाल्या. त्यांना तेथे 'शांतता-भिंती' म्हणतात. काही भिंती करारानंतर उभ्या राहिल्या वा उंच झाल्या. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंटांचा शँकिल रोड यांच्यामधील भिंत इतकी उंच आहे की, तिच्यावरून भिरकावलेला दगड पलीकडे सहसा पोचत नाही, आणि हेच तिचे प्रयोजन. तिच्यातील काही दरवाजे रात्री बंद होतात. २०१३ मध्ये सरकारने दहा वर्षांत, म्हणजे २०२३ पर्यंत, सर्व भिंती काढून टाकण्याचे जाहीर केले होते. ते साल उलटून गेले, भिंती उभ्याच आहेत. सरकारी घरांच्या वसाहतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच धर्माच्या आहेत आणि मिश्र शाळांत जाणारी मुले जेमतेम सात-आठ टक्के. १९८१ मध्ये अठ्ठावीस मुलांनिशी पहिली मिश्र शाळा पालकांनी स्वतः काढली. चाळीस वर्षांत एवढीच मजल गाठली गेली, कारण ती चळवळ आई-बापांची होती, राज्यकर्त्यांची नव्हे.

आता या भिंतीच पर्यटनाचा माल झाल्या आहेत. काळ्या टॅक्सीतून पाहुण्यांना फॉल्स आणि शँकिलमधील भित्तिचित्रे दाखविली जातात, मग गाडी भिंतीपाशी थांबते आणि पाहुणे तिच्यावर आपले नाव व शांततेचा एखादा संदेश लिहून पुढे जातात. १९९६ मध्ये बंद झालेला क्रमलिन रोडचा तुरुंग आज प्रेक्षणीय स्थळ आहे. टॅक्सी चालविणाऱ्यांपैकी काही जण त्या रक्तरंजित काळातील स्वतःचे अनुभव सांगून पोट भरतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याला गिरणी किंवा गोदी काम देत नाही, तो आपली जखम विकायला काढतो. आक्षेप आहे तो असा की, या व्यापारातून भिंतीच्या सावलीत राहणाऱ्या वस्तीला फारसे काही मिळत नाही. हॉटेले, उपाहारगृहे आणि गोदीच्या जागेवरील नवी आलिशान घरे एका बाजूला, तर शहरातील सर्वांत दरिद्री विभाग नेमके भिंतींच्या दोन्ही अंगांना. फॉल्स आणि शँकिल यांच्यात धर्माचे अंतर आहे, दारिद्र्याचे नाही. हे पर्यटकाला कोणी दाखवीत नाही.

अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलांविषयी फार बोलले जाते आणि त्यांच्याशी फार थोडे. ७ एप्रिल २०२१ रोजी लॅनार्क वे या दरवाजापाशी जी दंगल झाली, तीत एक प्रवासी बस पेटविण्यात आली. दगड फेकणाऱ्यांत बारा-तेरा वर्षांची पोरेही होती आणि मागे उभी राहून त्यांना उत्तेजन देणारी प्रौढ माणसेही लोकांनी पाहिली. ब्रेक्झिटनंतरच्या सीमाकराराचा राग हे तिचे एक कारण सांगितले गेले. त्या करारातील कलमे या मुलांनी वाचली असतील, असे कोणी समजू नये.

याहून भयंकर गोष्ट वेगळीच आहे. मोटारी चोरणारी, दारू पिऊन दंगा करणारी किंवा गर्द विकणारी मुले वस्तीला त्रास देतात, हे खरे. पोलिसांवर विश्वास नसलेल्या त्या वस्त्यांत सशस्त्र संघटनांनी न्यायदान स्वतःकडे घेतले. अशा मुलाच्या गुडघ्यात वा पोटरीत गोळी घालणे ही 'शिक्षा' दोन्ही बाजूंच्या संघटना देत आल्या. करारानंतरही तिची उदाहरणे घडत राहिली. कित्येकदा मुलाला ठरल्या वेळी ठरल्या जागी आणून सोडण्याचा हुकूम त्याच्या आई-बापांनाच दिला जाई. न आणले तर याहून वाईट घडेल, या भीतीने ते आणीत. गोळी घालणाऱ्या टोळ्यांपैकी काहींचा स्वतःचा धंदा त्याच गर्दचा असतो. वस्तीतील समाजविघातक वर्तनाची चर्चा करताना बेशिस्त तरुणांची यादी लांबलचक होते, पण आई-बापांना अशी वेळ देणारे त्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसत नाहीत.

या ठिकाणी समाजवादी विचाराच्या माणसाला जुने उत्तर सुचेल की, भाकरीचा प्रश्न हाती घेतला म्हणजे धर्माचे भांडण आपोआप विरेल. बेलफास्टचा इतिहास त्याला अर्धाच दुजोरा देतो. १९०७ मध्ये जिम लार्किनच्या नेतृत्वाखाली गोदी कामगार व गाडीवाल्यांचा जो संप झाला, त्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि पोलिसांतही असंतोष पसरला. शेवटी सैन्य आणावे लागले. फॉल्स भागात झालेल्या गोळीबारात दोघे मारले गेले आणि त्यानंतर संपातील एकजूट ढासळत गेली. १९३२ च्या ऑक्टोबरात मदतीच्या कामांवरील बेकारांनी संप केला, तेव्हा फॉल्स आणि शँकिल एकत्र रस्त्यावर आले. मोर्चातील वादकांना दोन्ही जमातींना चालेल अशी एकच धून ठाऊक होती, ती म्हणजे केळी संपल्याविषयीचे एक विनोदी गाणे, असे सांगतात. सरकारला मदतीचे दर वाढवून द्यावे लागले. पण पुरती तीन वर्षेही झाली नाहीत तोच, १९३५ च्या जुलैत, त्याच शहरात जमातीय दंगल पेटली आणि कॅथलिकांना घरांतून हुसकून लावण्यात आले.

ज्या गोदीचे आज एवढे कौतुक चालले आहे, तेथील कथा आणखी बोलकी आहे. टायटॅनिक बुडून तीन महिने उलटण्याच्या आत, १९१२ च्या जुलैत, बेलफास्टच्या गोद्यांतून कॅथलिक कामगारांना मारहाण करून हाकलण्यात आले. जुलै १९२० मध्ये हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. त्या वेळी हजारो कॅथलिकांबरोबर प्रॉटेस्टंट समाजवादी आणि कामगार संघटकही बाहेर फेकले गेले. त्यांना 'सडके प्रॉटेस्टंट' म्हणत. हाकलणारेही कामगारच होते, मालक नव्हते. मालकांना त्याचा लाभ झाला, ही गोष्ट वेगळी. आणि १९७४ च्या मे महिन्यात चौदा दिवसांच्या सार्वत्रिक संपाने दोन्ही जमातींचे संयुक्त सरकार पाडले. वीजकेंद्रे बंद पाडण्याची, शहर ठप्प करण्याची कामगारवर्गाची सारी ताकद त्या संपात होती, आणि ती कॅथलिकांना सत्तेत वाटा मिळू नये यासाठी वापरली गेली. संप म्हटला की तो पुरोगामीच, असे मानणाऱ्या कार्यकर्त्याने हे चौदा दिवस अभ्यासावेत.

तेथील मजूर पक्षानेही धर्माचा आणि सीमेचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ रोजी-रोटीवर बोलण्याचा प्रयत्न दीर्घकाळ केला. १९४९ मध्ये त्याला ब्रिटनशी ऐक्याची बाजू घ्यावीच लागली आणि तो फुटला. पुढे १९५८ व १९६२ मध्ये त्याला चार-चार जागा मिळाल्या, पण १९६९ नंतरच्या वणव्यात तो जवळजवळ नाहीसा झाला. घरवाटपात आणि नोकऱ्यांत कॅथलिकांवर होणारा अन्याय हा केवळ गरिबीचा भाग नव्हता, तो वेगळा अन्याय होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'वर्गीय एकजूट आधी, तुझे गाऱ्हाणे नंतर' असे सांगितले, तर तो एकजुटीकडे पाठ फिरविणारच.

अलीकडे या भांडणाला नवे वळण लागले आहे. २००९ मध्ये दक्षिण बेलफास्टमधून शंभरांहून अधिक रोमा स्त्री-पुरुष व मुले हल्ल्यांच्या भीतीने घरे सोडून एका चर्चच्या आश्रयाला गेली होती. ३ ऑगस्ट २०२४ रोजी, साउथपोर्ट येथील मुलींच्या हत्येनंतर पसरलेल्या खोट्या अफवांच्या लाटेत, बेलफास्टमध्येही निर्वासितविरोधी जमाव निघाला आणि परदेशी माणसांची दुकाने फोडली व जाळली गेली. त्या दिवशी सिटी हॉलसमोर आयर्लंडचा तिरंगा आणि ब्रिटनचा ध्वज शेजारी-शेजारी दिसले. डब्लिनहून आलेले काही जण आणि बेलफास्टचे लॉयलिस्ट एकत्र आले होते. ज्या दोन ध्वजांखाली पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे रक्त सांडले, त्यांची दिलजमाई व्हायला तिसरा, अधिक दुबळा माणूस सापडावा लागला. जून २०२५ मध्ये बॅलिमीना गावात परदेशी कुटुंबांची घरे लक्ष्य झाली, तेव्हा काहींनी आपल्या दारावर ध्वज वा राष्ट्रीयत्वाची पाटी लावून जीव वाचविण्याची धडपड केली.

प्रशासनाला या साऱ्याची सर्वाधिक चिंता वाटते ती 'प्रतिमा' बिघडेल म्हणून. २०१३ मध्ये फर्मॅना परगण्यात बड्या राष्ट्रांच्या नेत्यांची परिषद भरली, तेव्हा बंद पडलेल्या दुकानांच्या काचांवर भरभराटीच्या दुकानांची चित्रे चिकटविण्यात आली होती. बेलफास्टच्या पर्यटनधोरणाचा स्वभाव त्या चित्रांत नेमका उतरला आहे. २०२६ च्या मोठ्या आयरिश संगीतमहोत्सवाचा मान या शहराला मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. पाहुण्यांनी यावे, गाणी ऐकावीत. पण जुलैत ऑरेंज मिरवणुकांच्या आदल्या रात्री पेटणारी होळी २०२५ मध्ये इस्पितळांना वीज पुरविणाऱ्या उपकेंद्राशेजारी रचली गेली आणि ती हलविण्याची हिंमत कोणाला झाली नाही, तेथे महोत्सवाच्या झालरी काय झाकणार?

आशेला जागा आहे, ती जाहिरातखात्यात नाही. हारलँड अँड वुल्फ ही तीच गोदी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा उरलेल्या शे-सव्वाशे कामगारांनी नऊ आठवडे फाटकावर ठाण मांडून ती बंद होऊ दिली नाही. त्यांच्या धर्माची चौकशी कोणी केली नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी सोळा कामगार संघटनांच्या हाकेला ओ देऊन दीड लाखांहून अधिक सरकारी कर्मचारी संपावर गेले. परिचारिका, शिक्षक, बसचालक असे दोन्ही जमातींचे लोक त्यात होते आणि १९७४ च्या उलट, त्यांची मागणी मंत्रिमंडळ पाडण्याची नव्हती, तर थकलेल्या पगारवाढीची होती. दोन आठवड्यांनी विधानसभा पुन्हा सुरू झाली. पुढे सहाच महिन्यांनी दुकाने जळाली, हेही विसरता येत नाही. त्यानंतरच्या शनिवारी, १० ऑगस्टला, वंशद्वेषाविरुद्ध हजारो लोक सिटी हॉलपाशी जमले, त्यांत कामगार संघटनांचे झेंडे होते. सभा मोठी झाली, परंतु ती शहराच्या मध्यभागी झाली. जळालेली दुकाने सँडी रो आणि डॉनिगॉल रोडवर होती, तेथून पायी थोड्याच अंतरावर. संघटनांचे सभासद त्या गल्ल्यांतही राहतात. त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे काम मंत्रिमंडळ करणार नाही आणि पर्यटनखाते तर नाहीच.