वाचलो, तेही सांगा

आज पिकाचं नाही, लाईटीचं बोलायचंय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या जुलैत पाऊस उघडल्यावर बांधावरून चाललो होतो. पाय घसरला म्हणून पोलच्या ताणाला धरलं, तर हाताला मुंग्या आल्या. झटका म्हणावा इतकंही नव्हतं. हात काढला आणि पुढं गेलो. घरी सांगितलं नाही, वायरमनलाही नाही. म्हटलं ओल आहे, होतं कधी कधी.

नऊ दिवसांनी शेजारच्या दादांचा बैल त्याच ताणाला घासला आणि जागेवर गेला. ताणात मधे चिनीमातीचा गुटका पाहिजे, म्हणजे वरचा करंट खाली येत नाही. तो गुटका तिथं नव्हताच. पंचनाम्याला मी उभा होतो, पण तेव्हाही तोंड उघडलं नाही. लाज वाटली. एक फोन केला असता तर दादांची जोडी मोडली नसती.

आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त सुरू करतो. बोंड किडायची वाट बघत नाही. मग हाताला आलेल्या मुंग्या हा सापळ्यातला पतंगच नाही का? तो आपण का मोजत नाही?

विमानवाले हे फार मोठी किंमत देऊन शिकले. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. चौकशीत कळलं, की दीड महिना आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ते बाकीच्यांपर्यंत पोचलं नाही. मग १९७६ पासून तिथं थोडक्यात वाचलेले प्रसंग गोळा करायची पद्धत सुरू झाली. ते काम नासाकडं दिलं. सांगणाऱ्याचं नाव काढून टाकतात आणि धडा सगळ्यांना देतात.

आपल्याकडं कायदाही हेच म्हणतो. वीज कायदा २००३, कलम १६१ वाचा. माणूस किंवा जनावर दगावलं तरच नाही, दगावण्याची शक्यता होती अशा अपघाताचीही खबर विद्युत निरीक्षकाला द्यायला वीज कंपनी बांधील आहे. पण आपण सांगितलंच नाही तर कंपनीला कळणार कुठून?

आपण का सांगत नाही, ते मला माहीत आहे. लोक हसतील. आपलाच आकडा उघडा पडेल. बिचारा वायरमन अडकेल, तो एकटा किती गावं बघणार? तिन्ही कारणं खरी आहेत. म्हणूनच म्हणतो, कोणाचं नाव नको, फक्त घटना सांगा.

सांगायचं काय? पोल किंवा डीपीचा नंबर, वेळ, जमीन ओली होती का, नेमकं काय झालं आणि कशामुळं वाचलो. एवढंच. स्टार्टरच्या पेटीला हात लावताच चुणचुण झाली. ऑटो चालू राहिला, लाईट आली आणि मोटार हातात असतानाच फिरली. मेन बंद केला तरी कपॅसिटरनं झटका दिला. उसावरची तार इतकी खाली आली की ट्रॉली घासता घासता राहिली. हे सगळं सांगण्यासारखं आहे. रात्रीच्या लाईटीला बॅटरी तोंडात धरून पाणी देणाऱ्या प्रत्येकाकडं असा एक तरी किस्सा आहे.

कृषी सहायक आणि कृषितज्ज्ञ मित्रांनो, शेतीशाळेत कीड-रोगाची चर्चा होते, तिथं शेवटची पाच मिनिटं या किस्स्यांना द्या. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा आणि महिन्यातून एकदा वायरमनला बसवून वाचा. मात्र तार तुटून पडली असेल तर वहीची वाट बघू नका. लांब थांबा, दुसऱ्यांना थांबवा आणि लगेच १९१२ ला फोन करा.

माझा किस्सा सांगून झाला, उशिरा का होईना. आता तुमचा सांगा. वाचलेला माणूसच सांगू शकतो. गेलेला सांगत नाही.