डिझेलच्या राज्यात पेट्रोलची सेडान

आयर्लंडमध्ये सेकंडहँड गाडी शोधायला बसा. सेडान हवी, मागच्या सीटवर दोन मुलं आणि एक आजी मावली पाहिजे, डिक्कीत किराणा आणि बाबागाडी दोन्ही बसली पाहिजेत, मॉडेल २०१० ते २०१८ मधलं चालेल. पानंच्या पानं भरून गाड्या दिसतात. आता फक्त एक अट वाढवा: पेट्रोल. झालं! पानं संपली. उरतात त्या एक तर टिचभर हॅचबॅक, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांनी जपलेली २००६ सालची गाडी. (सेडानला इथे 'सलून' म्हणतात. केस कापायचं नव्हे.)

मग माझ्यासारखा माणूस समुद्रापलीकडे बघायला लागतो. इंग्लंडमध्ये तीच गाडी, त्याच बाजूला स्टिअरिंग, पेट्रोल इंजिन, किंमतही बरी. आणायची म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, "अरे, इथे एवढ्या डिझेल गाड्या पडल्यात, तुला हे उपद्व्याप कशाला?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या देशाच्या सरकारनं गाडीचा एकच आकडा मोजून कर लावला आणि चार वर्षांत कुटुंबाच्या गाड्या डिझेलवर नेल्या. पुढे डिझेलचा धूर वाईट हे त्याच सरकारनं कायद्यात मान्य केलं. पण आज स्वतःच्या खर्चानं पेट्रोलची जुनी गाडी आणू बघणाऱ्याला दारातच सोलून काढतात, आणि आधीपासून आत असलेल्या धुरकट डिझेलला दरवर्षी सवलत मिळत राहते. हा न्याय उलटा आहे.

आधी इतिहास. १ जुलै २००८ पर्यंत इथला कर इंजिनाच्या आकारावर होता. मोठं इंजिन, जास्त कर. त्या तारखेपासून फियाना फॉल आणि ग्रीन पार्टीच्या सरकारनं गाडीचा नोंदणी कर (व्हीआरटी) आणि वार्षिक रोड टॅक्स दोन्ही कार्बन डायऑक्साइडवर नेले. दर किलोमीटरला किती ग्रॅम, त्यावर पट्टी ठरणार. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण परिणाम बघा. १९०० सीसीच्या वरच्या गाडीला जुन्या पद्धतीत ३० टक्के नोंदणी कर होता. बीएमडब्ल्यू ५२०डी ही दोन लिटरची डिझेल गाडी कागदावर १३६ ग्रॅमची, म्हणून ती एका रात्रीत १६ टक्क्यांच्या पट्टीत जाऊन बसली. १२० ग्रॅमच्या आतल्या गाडीला वर्षाचा रोड टॅक्स फक्त १०० युरो!

लोक काही मूर्ख नसतात. २००७ मध्ये नव्या गाड्यांपैकी चारात एकीच्या आसपास डिझेल होती. चार वर्षांनी दहात सात. सेडानच्या वर्गात तर पेट्रोल औषधालाही उरलं नाही, कारण विकणाऱ्यांनी ते मागवणंच बंद केलं. नव्या गाड्यांचं चित्र आता बदललंय, २०२४ मध्ये नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा पावाच्या आसपास आला. पण सेकंडहँड घेणारा माणूस नेहमी दहा वर्षांपूर्वीच्या धोरणात राहतो. मंत्र्यांनी २०१० मध्ये जे विकायला लावलं, ते नर्स, टॅक्सीवाला आणि नुकताच परमिटवर आलेला इंजिनिअर आज विकत घेतो.

आमच्या धंद्यात हा रोग रोजचा आहे. एखादा मॅनेजर ठरवतो की महिन्याला बंद केलेल्या तिकिटांची संख्या म्हणजे टीमचं काम. पुढच्याच महिन्यात एका तिकिटाची चार तिकिटं होतात, आलेख झकास वर जातो आणि सॉफ्टवेअर आहे तिथेच. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये यावरचा नियमच सांगून ठेवलाय: मोजमापाचं लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. आयर्लंडनं ग्रॅमला लक्ष्य केलं. युरोपातल्या गाडी कंपन्यांनी ग्रॅम कमी करून दिले, पण मुख्यतः प्रयोगशाळेत! आयसीसीटी या संस्थेनं मोजलं तेव्हा २०१५ पर्यंत कागदावरचा आणि रस्त्यावरचा फरक ४० टक्क्यांच्या वर गेलेला होता.

आणि जे मोजलंच नाही त्याचं काय? नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स. युरो ५ च्या नियमात पेट्रोल गाडीला किलोमीटरला ६० मिलिग्रॅमची मर्यादा होती, डिझेलला १८०. तिप्पट सूट नियमातच लिहिलेली! आणि ती तरी कुठे पाळली? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा कळलं की सॉफ्टवेअर लिहूनच चाचणीला फसवत होते. (आमच्याच जातभाईंनी लिहिलेला कोड. मान खाली जाते.) त्याआधी जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं होतं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. २०१९ मध्ये डब्लिनला ह्यूस्टन स्टेशनजवळच्या सेंट जॉन्स रोडवर नायट्रोजन डायऑक्साइडनं युरोपची वार्षिक मर्यादा ओलांडली. कारण? वाहनांची रहदारी.

हे आकडे कुणाला कोरडे वाटत असतील तर त्यानं हिवाळ्यात सकाळी पावणेनऊला कुठल्याही शाळेच्या फाटकापाशी उभं राहून बघावं. काचा उबदार राहाव्यात म्हणून इंजिनं चालू. सायलेन्सरची उंची आणि पहिलीतल्या मुलाच्या नाकाची उंची यात फार अंतर नसतं.

आता खिशाकडे येतो. आमच्या घरची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते. शाळा, किराणा, पोहण्याचा क्लास, रविवारी समुद्र. बहुतेक फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्या. डिझेल गाडीत काजळी धरायची एक जाळी असते. ती साफ व्हायला धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे अधूनमधून हायवेवर वीसेक मिनिटं सलग पळवावं लागतं. शाळा ते सुपरमार्केट या वाटेवर ती कधीच साफ होत नाही, तुंबते, दिवा लागतो. मग मेकॅनिक शांतपणे सांगतो, "वीकेंडला गाडी जरा मोटरवेवर फिरवून आणा." म्हणजे काजळी जाळण्यासाठी काही कारण नसताना इंधन जाळायचं. पर्यावरण वाचवलं म्हणे!

डिझेल सगळीकडे वाईट असं मी म्हणत नाही. मेयो किंवा केरीत राहणारा, वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर हायवेवर काढणारा माणूस डिझेल घेतो, त्याला हिशोब कळतो. माझी तक्रार आहे ती करानं शहरातल्या आठ हजारवाल्यालाही त्याच रांगेत ढकललं याबद्दल.

आता इंग्लंडमधून पेट्रोल गाडी आणायचा हिशोब मांडू. समजा नऊ हजार युरोची टोयोटा अ‍ॅव्हेन्सिस, १.८ पेट्रोल, दीडशे ग्रॅमच्या आसपास. १ जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे ग्रेट ब्रिटन बाहेरचा देश झाला. म्हणून आधी १० टक्के सीमाशुल्क: ९०० युरो. गाडी ब्रिटनमध्ये बनली असल्याचा पुरावा दिला तर ते वाचतं. गंमत म्हणजे अ‍ॅव्हेन्सिस डर्बीशरमधल्या बर्नास्टनलाच बनायची, पण ते सिद्ध करायचे कागद तुम्ही गोळा करायचे. मग ९,९०० वर २३ टक्के व्हॅट: २,२७७ युरो. वाहतूक मी अजून धरलेलीच नाही, तिच्यावरही व्हॅट लागतोच. या गाडीवर नवी असताना एकदा व्हॅट भरून झालेला आहे, बरं का. झाले १२,१७७. यावर व्हीआरटी, आणि तोही तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, तर इथल्या बाजारात ती सगळे कर धरून कितीला गेली असती त्या किमतीवर. म्हणजे करावर कर. उत्तर आयर्लंडमधून आणली तर यातलं बरंच वाचू शकतं, पण ती गाडी तिथे रीतसर आली होती याचे कागद दाखवा. गाडी आल्यापासून सात दिवसांत तपासणीची वेळ घ्या, तीस दिवसांत नोंदणी करा. आणि हे सगळं संपलं की दरवर्षी रोड टॅक्स: दीडशे ग्रॅमला ४०० युरो. शेजारच्या ११५ ग्रॅमवाल्या डिझेलला २००.

मी हे सगळं भरून गाडी आणली. परवडलं म्हणून आणली. ज्याला परवडत नाही तो मुकाट्यानं डिझेल घेतो.

जपानहून आणणारेही पुष्कळ आहेत. तिकडे सेडान पेट्रोलचीच, स्टिअरिंग उजवीकडे, मीटर किलोमीटरमध्ये. इंग्लंडच्या गाडीसारखी मैलांची भानगड नाही. पण व्हॅट आणि व्हीआरटी चुकत नाहीत, काही विमा कंपन्या नाक मुरडतात, आणि गाडी सुरू केली की आतली बाई जपानीत बजावते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. रोज.

सरकारला नॉक्स माहीत नाही असं नाही. २०२० पासून नोंदणी करात नॉक्सचा वेगळा भाग आला. २०२१ पासूनच्या दरानं पहिल्या ४० मिलिग्रॅमना प्रत्येकी ५ युरो, पुढच्या ४० ना १५, त्यावर २५. ३० मिलिग्रॅमच्या पेट्रोल गाडीला १५० युरो, १८० च्या डिझेलला ३,३००. शाबास! पण हा भाग लागतो कधी? देशात पहिल्यांदा नोंदणी होताना. आधीपासून आत असलेल्या डिझेलला शून्य, आणि तिच्या वार्षिक रोड टॅक्समध्ये नॉक्सचा उल्लेखसुद्धा नाही. पौंड घसरल्यावर २०१७ ते २०१९ मध्ये दरवर्षी लाखाच्या घरात जुन्या गाड्या ब्रिटनमधून इथे आल्या, त्यात बहुतांश डिझेल. त्याही आता 'आतल्या' झाल्या. म्हणजे उंबरठ्यावर पायपुसणं टाकलं आणि घरात चिखल तसाच.

लंडननं काय केलं बघा. तिथल्या २०१९ पासूनच्या स्वच्छ हवेच्या पट्ट्यात साधारण २००६ नंतरची पेट्रोल गाडी फुकट जाते, डिझेल मात्र साधारण २०१५ नंतरचीच. बाकीच्यांना दिवसाला साडेबारा पौंड. तिथे कर गाडी वापरण्यावर आहे, इथे ती आणण्यावर.

आपल्याकडचा धडाही आठवतो. जून २०१० मध्ये भारतात पेट्रोलचे दर मोकळे सोडले, डिझेलचे बांधलेलेच राहिले. लगेच पुण्या-मुंबईत ऑफिसला रोज दहा किलोमीटर जाणाराही डिझेल बुक करायला लागला. रांजणगावच्या कारखान्यातलं फियाटचं १.३ लिटरचं इंजिन टाटापासून मारुतीपर्यंत सगळ्यांना हवं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले, फरक आटला, लोक पेट्रोलकडे वळले. एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं तर डिझेल गाड्या बंदच केल्या. लोकांना उपदेश करावा लागला नाही. चुकीचा इशारा काढून घेतला, एवढंच.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: पेट्रोलचा कार्बन जास्त. मान्य. ३५ ग्रॅम गुणिले आठ हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला २८० किलो. हा फरक खरा आहे आणि त्याचा कर मी खुशाल भरीन. पण आपण सुट्टीत एकदा पुण्याला जाऊन आलो की माणशी टनाच्या आसपास कार्बन होतो, तेव्हा या २८० किलोंसाठी शाळेसमोरची हवा पणाला लावायची का, एवढं तरी विचारू द्या. दुसरा: मग इलेक्ट्रिक घे. जरूर, ज्याच्या दारात चार्जर आहे त्यानं घ्यावी. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्यानं वायर खिडकीतून सोडायची का?

मागणं फार नाही. वार्षिक रोड टॅक्समध्ये कार्बनबरोबर नॉक्सही धरा, आणि शहरातल्या आणि खेड्यातल्या वापराचा फरक करा, म्हणजे मेयोवाला भरडला जाणार नाही. आणि जुन्या, छोट्या इंजिनाच्या पेट्रोल किंवा हायब्रिड गाडीवर दुसऱ्यांदा व्हॅट लावणं थांबवा. २००८ मध्ये एका तक्त्यानं चार वर्षांत अख्ख्या देशाच्या गाड्या बदलल्या. तक्ते बदलले की लोक बदलतात, हे या सरकारइतकं कुणालाच माहीत नाही.