संत्रा सडतो कुठं?

दिवाळीची सुट्टी संपली की वरुड-मोर्शीकडची पोरं होस्टेलवर पिशवीभर संत्री आणतात. पहिल्या दिवशी अख्खी विंग जमते. आठवड्याने उरलेल्या फळांवर हिरवी बुरशी चढते आणि मग "पिशवी कोणाची बे?" यावर भांडण!

मागच्या वर्षी मी दोन खोके आणले. एकात कात्रीने, थोडा देठ ठेवून तोडलेली फळं. दुसऱ्यात हाताने ओढलेली. खाटेखाली शेजारी शेजारी ठेवले. ओढलेल्यांचा खोका आधी फेकावा लागला. बाबांना फोनवर सांगितलं तर हसले. "त्यात काय नवल? संत्रा पेटीत नाही सडत पोरा, झाडावरच त्याले रोग लागते."

बाबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. हिरव्या-निळ्या बुरशीला आत शिरायला जखम लागते. ओढताना देठाजवळ साल फाटली की दार उघडलंच. देठाकडून होणारी कूज तर त्याहून लबाड. तिची बुरशी झाडावरच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे सलीवर वाढते, बागेतच देठापाशी येऊन बसते आणि तोडणीनंतर डोकं वर काढते. म्हणून सल काढून जाळायची, बोर्डो फवारायचं, दवात ओली फळं तोडायची नाहीत. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची लिंबूवर्गीय संशोधन संस्था हे वर्षानुवर्षं सांगताहेत.

आपल्याकडे मात्र एकच ओरड, कोल्ड स्टोरेज पाहिजे! पाहिजेच. ६-७ अंश तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता मिळाली तर संत्रा काही आठवडे टिकतो. पण थंडी बुरशीला हळू करते, फाटलेली साल शिवत नाही. जखमी फळ आत ठेवलं तर विजेचं बिल भरून सडकाच माल बाहेर काढायचा.

खरी गाठ वेगळीच आहे. बऱ्याच बागा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला विकल्या जातात. तोडणी त्याचे मजूर करतात आणि त्यांना घाई असते गाडी भरायची. सल काढणाऱ्या शेतकऱ्याला टिकाऊ मालाचा जास्त भाव मिळत नाही, मग तो मजुरी कशाला खर्च करेल? आमच्या घरीही दरवर्षी हाच वाद होतो. माझं स्पष्ट मत आहे, देठासह तोडलेल्या मालाला वेगळा भाव मिळाल्याशिवाय ही सवय लागणार नाही.

आणि आपण? फायनल इयरचे प्रोजेक्ट शोधत फिरतो. हलकी, स्वस्त कात्री बनवा. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात निघतात. विटांच्या दोन भिंतींत ओली वाळू भरून बांधावरच थंड खोली उभी करा. तत्त्व आपल्या खिडकीतल्या कूलरचंच आहे. अकोला-अमरावतीच्या पोराला ते वेगळं शिकवावं लागत नाही!