दुकानाची पाटी आणि गाण्याचे कूळ

जॉनी कॅश हा अमेरिकन गायक ‘कंट्री’ पंथाचा की ‘रॉक’ पंथाचा, हा वाद २००३ साली त्याचे निधन झाले तरी मिटलेला नाही. एक पक्ष त्याला नॅशव्हिलच्या ग्रामीण परंपरेचा पाईक ठरवतो. दुसरा पक्ष त्याचा काळा पोशाख आणि तुरुंगातील मैफली पुढे करून त्याला बंडखोरांच्या पंक्तीत बसवतो. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, दोन्ही पक्ष दुकानातील फळीवरची पाटी वाचून गाण्याचे कूळ सांगत आहेत.

पुरावा पाहू. कॅशचा जन्म १९३२ साली आर्कान्सा राज्यातील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. मंदीने नागवलेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने डायस नावाची वसाहत वसवली होती. तेथे १९३५ मध्ये हे कुटुंब आले आणि वीस एकरांत कापूस पिकवू लागले. शेतात राबताना घरची माणसे भक्तिगीते गात. आई कॅरी हिच्यापाशी त्या गीतांची पोथी होती. धर्मोपदेशक होण्याची इच्छा बाळगणारा थोरला भाऊ जॅक १९४४ साली यंत्राच्या करवतीने जखमी होऊन वारला. अशा घरात भक्तिगीत ही करमणूक नव्हती. तो दुःखाचा आधार होता. देवळातील आरत्या-भजनांनी ज्यांचे कान घडले, त्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगणे नको.

वायुदलातील नोकरी संपवून १९५४ साली कॅश मेम्फिसला आला आणि घरगुती उपकरणे विकत दारोदार फिरू लागला. मोटारदुरुस्ती करणारे दोन साथीदार त्याला मिळाले. ‘सन’ या ध्वनिमुद्रण कंपनीच्या सॅम फिलिप्सकडे तो गेला, तो भक्तिगीते गाण्याच्या इच्छेनेच. फिलिप्सने व्यापाऱ्याचे उत्तर दिले : ही गीते खपत नाहीत, दुसरे काही आणा. म्हणून १९५५ ची पहिली तबकडी ऐहिक गाण्यांची निघाली. पुढच्याच वर्षी ‘आय वॉक द लाइन’ने त्याचे नाव सर्वत्र झाले.

प्रतिपक्ष येथे म्हणेल की, या नकारातूनच कॅश घडला. त्यात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. त्या तिघांचा साधा, आगगाडीसारखा ठेका फिलिप्सने ओळखला आणि जपला. परंतु व्यापाऱ्याने वाट दाखवली म्हणून मूळही त्यानेच दिले, असे होत नाही. १९५८ मध्ये कॅश कोलंबिया कंपनीकडे गेला. भक्तिगीतांची स्वतंत्र तबकडी काढू मिळावी, हे त्यामागचे एक कारण होते. ती तबकडी १९५९ मध्ये निघालीही.

बंडखोरवाद्यांचा मोठा दाखला म्हणजे जानेवारी १९६८ ची फॉल्सम तुरुंगातील मैफल. त्या ध्वनिमुद्रिकेचा शेवट कोणत्या गीताने होतो? तुरुंगाच्या आवारातील प्रार्थनामंदिरावरच्या गीताने, आणि ते रचले होते त्याच तुरुंगातील एका बंदिवानाने! बंडाचा जयजयकार करणारे नेमके हेच गीत विसरतात.

ग्रामीण परंपरेच्या शुद्धतेचा टेंभा मिरवणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे कॅशचे गीत ते निर्भेळ मानतात. त्याची चाल आणि शब्दांचा मोठा भाग गॉर्डन जेंकिन्स या नागरी वाद्यवृंदाच्या रचनाकाराच्या १९५३ मधील गीतातून आला होता. पुढे कॅशला सुमारे ७५ हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आमचा व्यवसाय वकिलीचा. ज्याची बाजू घेतली त्याचा दोष झाकून खटला जिंकणे आम्हांस मान्य नाही. जेंकिन्सचे श्रेय आरंभीच द्यावयास हवे होते. पण यावरून दिसते ते हेच की, गाणी पाट्यांच्या हद्दी पाळत नाहीत. त्यांचे ऋण मात्र मानावे लागते.

१९८६ मध्ये कोलंबियाने कॅशला सोडले. जो खपत नाही तो संपला, असा बाजाराचा निकाल होता. रॉक आणि रॅपच्या तबकड्या काढणाऱ्या रिक रुबिनने १९९४ साली त्याला केवळ गिटार आणि आवाज यांवर उभे केले, तेव्हा तो निकाल फिरला. १९८० मध्ये कंट्रीच्या, १९९२ मध्ये रॉकच्या आणि मृत्यूनंतर २०१० मध्ये भक्तिसंगीताच्या मानमंडळात त्याचे नाव नोंदले गेले. एका माणसासाठी तीन पाट्या लागल्या, तेथेच पाट्यांचा दावा निकालात निघतो.

खप हा दुकानदाराचा हिशेब आहे. समाजाने तोच आपल्या गाण्याचा न्याय मानला, तर उद्या घराघरांतील आईची गाणी ‘खपत नाहीत’ म्हणूनच विसरली जातील. कॅशने ती विसरली नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर, २००४ साली, आईच्या त्या जुन्या पोथीतील गीतांची ध्वनिमुद्रिका स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. एकटी गिटार आणि थकलेला आवाज. फिलिप्सच्या दारी तो जे घेऊन गेला होता, तेच अखेर त्याने आपल्या ओंजळीत ठेवले होते.